आबांच्या पलटणीचा टॅटू: काढावा का, आणि काढला तर काय काढावा?

घाटपायथा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पुसेगावच्या अलीकडे. आजोबा (आम्ही आबा म्हणायचो) पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. १९७१ ला जमालपूरच्या (आताच्या बांगलादेशातल्या) लढाईत होते. धाकटे काका त्याच रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. काकांचा मुलगा आत्ता फिल्डमध्ये आहे, कुठे ते लिहीत नाही. आबांना जाऊन येत्या पौषात दोन वर्षं होतील.

मला हातावर या तिघांसाठी टॅटू काढायचाय. डिझाइन साधारण ठरलंय. डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला फडकणारा तिरंगा, त्यावर तिघांची नावं आणि नंबर, खाली रेजिमेंटचं चिन्ह (बिगुल, ढाल, तलवारी) आणि 'कर्तव्य, मान, साहस'. बाजूला सूर्यास्तात गुडघा टेकून बसलेला सैनिक. पुण्यातल्या एका स्टुडिओने सगळं मिळून अठरा हजार सांगितले, दोन बैठका.

आई नाही म्हणते. काकू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. आजीला फोटो दाखवला तर म्हणाली, "हात हाय का शाळंची भिंत गं?"

कोणी असा काढलाय का? नंतर पस्तावलात का?

कल्याण_लोकल

बिनधास्त काढ. आपल्या माणसांचा अभिमान आपण नाही बाळगायचा तर कोणी? माझ्या दंडावर वडिलांच्या बोटीचं नाव आहे (नेव्ही). बारा वर्षं झाली, एकदाही पस्तावलो नाही. घरचे आधी ओरडतात, मग पाहुण्यांना स्वतःच दाखवतात.

नाठाळ

देशप्रेमाला शाई लागते हे माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत १५ ऑगस्टला गालावर तिरंगा काढून फिरणारी मुलं सिग्नल तोडतात.

घाटपायथा

@नाठाळ, देशप्रेम दाखवायचं नाहीये. आबांची आठवण ठेवायचीय. त्यांच्या आयुष्यात त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या म्हणून चित्रात एकत्र आल्यात.

टाकसुई

धंद्याने टॅटू काढतो, अकरा वर्षं. तुझ्या डिझाइनवर बोलतो, भावनेवर नाही.

तिरंगा आपल्या कातडीवर टिकत नाही. गव्हाळ-सावळ्या हातावर पांढरी शाई पहिल्या दिवशी दिसते. वर्ष-दोन वर्षांत ती पिवळट डाग वाटते किंवा दिसतच नाही. केशरी विटकरीकडे झुकतो. हिरवा बरा राहतो, आणि उद्या लेझरने काढायला गेलीस तर तोच सगळ्यात हट्टी. म्हणजे दहा वर्षांनी हातावर एक विटकरी पट्टा, मध्ये काही नाही, खाली हिरवा. काळं तेवढं टिकतं.

अशोकचक्राला चोवीस आरे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून मोजतं, तेवीस भरले तर भांडतं. पण इंचभर वर्तुळात चोवीस बारीक रेघा घातल्या की त्या हळूहळू पसरतात, एकमेकींत शिरतात आणि शेवटी निळा ठिपका उरतो. चक्र हवंच असेल तर दोन-अडीच इंच तरी ठेव. त्याहून लहान मी करत नाही.

अक्षरं. माझ्याकडे आठवड्याला एक तरी माणूस दुसरीकडचं 'शहिद' दुरुस्त करायला येतो. त्यात 'ही' दीर्घ हवा असतो. 'कर्तव्य' मोबाइलवरून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं की कधी कधी रफार उडतो, 'व्य' फुटून व् वेगळा आणि य वेगळा पडतो. स्टुडिओतल्या मुलाला मराठी येत नसेल तर तो फुटकं अक्षर जसंच्या तसं गिरवतो. स्टेन्सिल लागलं की स्वतः वाच, मग दुसऱ्या कुणालाही वाचायला लाव.

राहिला गुडघ्यावरचा सैनिक. ते चित्र मी शंभरदा पाहिलंय. हेल्मेट अमेरिकी, बंदूक अमेरिकी, पायातले बूटसुद्धा. एका गिऱ्हाइकाच्या वडिलांनी मुलाचा टॅटू बघून विचारलं होतं, "हा कोण रे, आपल्यातला तर नाही?"

निवृत्त_जेसीओ

टाकसुई यांनी शेवटी लिहिलं ते शंभर टक्के खरं. ताई, तुझ्या आबांच्या हातात ७१ ला ७.६२ ची एसएलआर होती. लांब, जड, आणि खांद्याला धक्का असा द्यायची की विसरणार नाही. बंदूक दाखवायचीच असेल तर ती दाखव.

मी दुसऱ्या रेजिमेंटचा, पण जमालपूर आम्हाला शिकवलं होतं. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीने वेढा फोडून दक्षिणेला निसटायचा प्रयत्न केला आणि ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळले. सकाळी जमालपूर पडलं. तिथून पलटण खाली टांगाईलकडे सरकली आणि १२ तारखेला पुंगली पुलावर दोन पॅराला जाऊन मिळाली. आदल्या दिवशी विमानातून उतरलेली ही दोन पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा. शत्रूच्या मुलुखात रस्त्याने आलेले मराठे आणि आभाळातून उतरलेले मराठे एका पुलावर भेटले. आबा याबद्दल काही सांगायचे का?

आता डिझाइनबद्दल तीन गोष्टी, म्हाताऱ्याचं ऐक.

पहिली, नंबर डिझाइनमधून काढून टाक. भाऊ सर्व्हिंग आहे. नाव, नंबर आणि पलटण एका हातावर, तो हात इन्स्टाग्रामवर. हे कुणाला हवं असतं ते भाऊच तुला सांगेल.

दुसरी, रेजिमेंटचं चिन्ह. ट्रेनिंग पुरी करून, कसम परेडला शपथ घेऊन पोरगं पलटणीचं होतं. त्याआधी नाही. घरच्यांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावावं, गाडीवर लावावं, मला आनंदच आहे. पण कातडीवर? मी तरी माझ्या पोरांना नको म्हटलं असतं. हे माझं मत, नियम नाही.

तिसरी जरा कडू आहे. आमच्यात माणूस जातो तेव्हा तिरंगा शवपेटीवर असतो. अग्नी द्यायच्या आधी तो काढतात, घडी घालतात आणि घरच्यांच्या हातात देतात. ध्वज चितेवर जात नाही, थडग्यात जात नाही. ध्वजसंहितेत लिहिलंय. तुझ्या हातावरचा तिरंगा कोण काढून घेणार?

कल्याण_लोकल

साहेब, हे मात्र अंगावर आलं.

कलमदान

निवृत्त_जेसीओ बरोबर सांगतात, भारतीय ध्वजसंहिता २००२ मध्ये ते कलम आहे. कायद्याचं थोडं (वकील आहे, सल्ला फुकट म्हणून तेवढ्याच किमतीचा समजा):

राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा १९७१ चा, २००५ मध्ये दुरुस्ती झाली. त्यात उशा, रुमाल, अंतर्वस्त्रं, कपड्याचं कापड यांवर ध्वज छापणं किंवा भरणं नको, कमरेखालच्या वस्त्रात नको, असं आहे. कातडीवरच्या गोंदणाबद्दल शब्द नाही. पण त्याच कायद्यात ध्वजावर कुठलाही मजकूर लिहिणं हा अवमान धरलाय. धागाकर्तीच्या डिझाइनमध्ये तिरंग्यावर तीन नावं आहेत. हातावरच्या चित्राला कायद्याने ध्वज म्हणायचं का, यावर दोन वकील दोन तास भांडू शकतील. पण नावं ध्वजाबाहेर घेतली तर भांडणच नको.

चिन्हात वर चार सिंह असतील तर २००५ चाच राजचिन्हाचा कायदा आहे, त्याचा वापर मर्यादित आहे. सिंह टाळ.

नाठाळ

म्हणजे तिरंगा गेला, सिंह गेले, नंबर गेले, बिगुल गेला, सैनिक अमेरिकेला परत गेला. राहिला सूर्यास्त. अठरा हजारांचा सूर्यास्त.

वाकडेवळण

नाठाळ आज फॉर्मात 😄

पण साहेबांच्या चितेच्या मुद्द्याशी असहमत. शरीरावरचं चित्र म्हणजे ध्वज नाही. छातीवर बजरंगबली गोंदवलेले पैलवान आमच्या तालमीत डझनभर होते. ते गेले तेव्हा हनुमान जळला असं कोणी म्हटलं नाही.

निवृत्त_जेसीओ

वाकडेवळण, तुमचं म्हणणं तर्काला धरून आहे. मी तर्काने लिहिलं नव्हतं. सहा वेळा ती घडी घातलीय, म्हणून लिहिलं.

भरतीमैदान

ताई, घरात कोणी भरतीची तयारी करतंय का? असेल तर तुमचं बघून त्याने काढू नये. आमच्या अकॅडमीतला एक पोरगा पाच किलोमीटरला पहिल्या दहात यायचा. त्याने मानेवर 'जय हिंद' काढलं आणि मेडिकलला अडकला. सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी समाजांच्या पारंपरिक गोंदणाला सूट आहे. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांत आणखी कडक: डावाच हात, कारण उजव्याने सॅल्यूट करतात, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी. सैन्यावरच्या प्रेमाने काढलेल्या टॅटूमुळे सैन्यातच जाता येत नाही, असं दरवर्षी होतं.

घाटपायथा

आत्तेभाऊ यंदा अग्निवीरची तयारी करतोय आणि माझ्यासोबतच काढणार होता. दंडावर! आत्ताच फोन करून थांबवलं. @भरतीमैदान, तुमचे उपकार.

सगळ्यांचं वाचतेय. एक गोष्ट सुरुवातीला लिहिली नव्हती. काकू का रागावली ते काल कळलं. टॅटूमुळे नाही. तिने डिझाइन बघितलं, त्यात आबांच्या नावाखाली काकांचं आणि त्याखाली दादाचं नाव. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या खाली माझ्या लेकाचं नाव लिहितेस? गावच्या वेशीवरच्या दगडावर लिहितात तसं?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी तिघांना एकत्र आणायला गेले आणि काकूला शिळा दिसली.

कल्याण_लोकल

साताऱ्याजवळ आपशिंगेला पहिल्या महायुद्धाचा तसा स्तंभ पाहिलाय, एका गावातून गेलेल्या ४६ जणांचा. काकूचं चुकलं नाही.

दवाखाना_नं_२

त्वचारोगतज्ज्ञ. थोडक्यात. सुई आणि कार्ट्रिज तुमच्यासमोर पाकिटातून फोडायला सांगा, शाई एकदा वापरायच्या टोपणात ओतून घेतलेली असावी. हिपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर आधी घ्या, तिन्ही डोसना सहा महिने जातात. जखमेचे वण फुगून येत असतील (कान टोचल्यावर गाठ आली होती का?) तर खांदा आणि छाती टाळाच. लाल-केशरी शाईची ॲलर्जी वर्षांनंतरही उठू शकते. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, फौजी घरात शिबिरं असतात म्हणून सांगितलं.

काळी_ट्रंक

फार लिहीत नाही मी. हा धागा तीन दिवस वाचतेय.

माझे यजमान २००३ मध्ये कुपवाड्याला गेले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पहिलं वर्ष लोकांनी मला खूप जपलं, नंतर २६ जानेवारीला आठवण ठेवली. गावातल्या एका मुलाने दंडावर ह्यांचा चेहरा काढून घेतला होता. मला दाखवायला आला, डोळ्यांत पाणी. मी काय बोलणार? चेहरा ह्यांचा नव्हता. पेपरातल्या फोटोवरून काढला होता आणि पेपरवाल्यांनी भरतीच्या वेळचा फोटो छापला होता. मिशी नसलेला. माझ्या लग्नात त्यांना मिशी होती. तो मुलगा अजून भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मी त्याच्या दंडाकडे बघत नाही.

माझ्याकडे त्यांची काळी ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, रँक, नाव, युनिट. ब्रश जाड होता म्हणून आडनावाचं शेवटचं अक्षर कडेवर गेलंय आणि वळून बाजूवर उतरलंय. ते त्यांनी स्वतः लिहिलं. बदली झाली की जुनं युनिट काळ्या रंगाने पुसून नवं लिहायचे, उन्हात तिरकं धरलं की खालची जुनी अक्षरं दिसतात. मुलाने मागे विचारलं, आई, मी बाबांसाठी टॅटू काढू का? म्हटलं, काढ. पण पेपरातला काढू नको, ट्रंकेवरचा काढ.

ताई, तुझ्या घरात आबांच्या हातचं काय आहे ते आधी शोध.

टाकसुई

काळी_ट्रंक, मुलगा आला तर पैसे घेणार नाही. अक्षर कडेवरून उतरतं तसंच उतरवून देईन.

नाठाळ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(काहीतरी गमतीचं लिहिलं होतं. वरचं वाचल्यावर खोडलं.)

घाटपायथा

उशिरा लिहितेय, गावाला गेले होते.

काळी_ट्रंक, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

आबांच्या हातचं शोधायला म्हणून माळ्यावर चढले. ट्रंक आहे, पण काकांनी दोनदा रंगवली, आता तिच्यात ज्वारी आहे. पत्रं होती. ५६ एपीओचा (फौजी टपालाचा) पत्ता, आणि प्रत्येकात तेच: मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे, बैलाचे काय झाले. जमालपूरबद्दल एक ओळ नाही. निवृत्त_जेसीओ काका, तुम्ही विचारलं होतं ना, नाही, ते घरी कधीच काही सांगायचे नाहीत. पुलाची गोष्ट मला तुमच्याकडून कळली. मी काकांना सांगितली, आणि त्यांनी ती मला परत एकदा सांगायला लावली.

पत्रं आजीसमोर पसरून बसले होते. तिला वाचता येत नाही. तिने बाही वर सरकवली आणि म्हणाली, "कागूद कशाला हुडकतीस?"

तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, आतल्या बाजूला आबांचं नाव गोंदवलेलं आहे. लहानपणापासून बघतेय. पण ते तुळस, ठिपके, कपाळावरचं गोंदण यांच्यातलंच एक म्हणून बघत होते, वेगळं कधी वाटलंच नाही. ६५ साली आबा लढाईवर गेले तेव्हा पुसेगावच्या यात्रेत तिने ते गोंदवून घेतलं. सासूला न विचारता. गोंदणारी बाई सुयांच्या जुडीने काजळी टोचत होती, वर हळद लावली, हात आठ दिवस सुजला होता. सासूने विचारलं तेव्हा म्हणाली, "ते तिकडं असत्यात, इकडं कायतरी पायजे का नको."

आणि तिने आयुष्यात एकदाही आबांचं नाव तोंडाने घेतलं नाही. उखाण्यातसुद्धा अडखळायची. आबा गेल्यावर फॅमिली पेन्शनच्या कामाला आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मयताचं नाव?" आजीने काचेच्या खालून हात आत सरकवला. त्याला वाटलं अंगठा द्यायचाय, त्याने शाईचं पॅड पुढे केलं. तिने मान हलवली आणि हात तसाच धरून ठेवला. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने दुसऱ्या हाताने मला गप्प केलं. शेवटी त्या मुलाने चष्मा वर करून ते वाचलं आणि फॉर्मवर लिहिलं. उकार पुसट झालाय म्हणून ऱ्हस्व लिहिलं.

घरात पलटणीचा टॅटू साठ वर्षांपासून होता आणि मी अठरा हजारांचा शोधत होते.

वाकडेवळण

_/\_

निवृत्त_जेसीओ

आजींना माझा रामराम सांग. नुसता रामराम नाही, खाडकन सॅल्यूट केला म्हणून सांग.

कलमदान

बँकेच्या फॉर्मवरचं ऱ्हस्व दुरुस्त करून घेतलंत ना? पेन्शनच्या कागदांत एका उकाराने वर्षं जातात. गंमत नाही, खरंच बघा.

घाटपायथा

@कलमदान, बघितलं. प्रतिज्ञापत्र करावं लागलं. 🙂

तर शेवटचं अपडेट. टाकसुईंकडे गेले, आजीला घेऊन. त्यांनी तिचा हात दिव्याखाली धरून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि अक्षरं होती तशी उतरवली. शिरोरेषा तिरकी, मधलं अक्षर बाकीच्यांपेक्षा मोठं, उकार अर्धा. त्यांनी विचारलं, उकार पूर्ण करू? मी हो म्हणणार होते. आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच, बाई घाईत हुती."

डाव्या हाताला, तिच्याच जागी, सव्वा इंच, फक्त काळ्या शाईत. पंचवीस मिनिटं लागली. आजी शेजारी स्टुलावर बसून यंत्राकडे बघत होती, मध्येच म्हणाली की हे तर शिवणयंत्रासारखं वाजतंय. काकांचं आणि दादाचं नाव नाही. काकूने त्या रात्री मला ताटात वाढताना वरून तूप घातलं, एवढ्यावर मी समजले.

दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. रेंज जात होती. तो एवढंच म्हणाला, आजीचा हात दाखव.

नाठाळ

फोटो टाका की.

घाटपायथा

@नाठाळ, नाही टाकणार. जे नाव आजीने साठ वर्षं तोंडाने घेतलं नाही ते मी इथे कसं टाकू?

एक प्रश्न @टाकसुई: आज पाचवा दिवस. खाज येतेय आणि एका कडेची थोडी शाई निघाल्यासारखी वाटतेय. आजीने रंग पक्का आहे का बघायला अंगठा ओला करून घासला होता, त्यामुळे असेल का?

टाकसुई

शाई नाही, खपली आहे. निघू दे, स्वतः काढू नकोस. उन्हात जाऊ नकोस, दोन आठवडे विहिरीत पोहायचं नाही. आणि आजींना सांग, थुंकी लावून तपासायचं नाही. पक्कं आहे.